सतरा बाटल्या आणि तुझं नाव

वृंदा,

तुझ्या शोकसभेत तुमचे विभागप्रमुख म्हणाले, "मॅडमचं नाव या विभागात कायम राहील." मी पहिल्या रांगेत होतो. मान हलवली. अशा प्रसंगी लोक असंच बोलतात आणि नवऱ्यानं मान हलवायची असते.

पण त्यांनी शब्द पाळला. दिवसवार आटोपल्यावर तुझं कपाट रिकामं करायला मी विद्यापीठात गेलो, तेव्हा तुझं नाव सतरा बाटल्यांवर होतं. मी मोजल्या. मोजल्याशिवाय मी राहिलो असतो का?

त्यातली एकही तुझी नव्हती.

पहिल्यापासून सांगतो. अर्ध्याहून जास्त तुला माहीतच आहे, पण क्रमानं गेल्याशिवाय मला रागसुद्धा नीट येत नाही. कारखान्याच्या हिशेब खात्यात जन्म काढला की माणसाचं असं होतं.

बाटली फुटली तो सोमवार आठवतो? आपली मुग्धा तेव्हा शाळकरी होती. तुमच्या प्रयोगशाळेतली टाकाऊ रसायनांची एक बाटली, तपकिरी काचेची, रविवारभर कपाटात बसून होती आणि सकाळी वर्ग सुरू व्हायच्या आत फुटली. खोलीत कुणी नव्हतं, म्हणून तिची बातमी झाली नाही. तू घरी आलीस ती चपलांसकट खुर्चीत बसलीस आणि मला समजावून सांगितलंस. नायट्रिक आम्ल असलेल्या बाटलीत कुणीतरी मागाहून अ‍ॅसिटोन ओतलं होतं, बाटली गळ्यापर्यंत भरली होती आणि झाकण घट्ट लावलं होतं. आत गॅस होत राहिला. त्याला जायला वाट नव्हती.

मी म्हटलं, "कोण एवढा निष्काळजी?"

"निष्काळजी नव्हे रे, नीटनेटका," तू म्हणालीस. "बाटली पुरती भरायची, झाकण घट्ट लावायचं, बाहेरून पुसून ठेवायची. आईनं शिकवलेलं असतं ना घरी. ही चूक चांगल्या घरातलीच मुलं करतात."

चारचौघांत मला 'अहो' म्हणणारी तू, आपण दोघंच असलो की 'अरे'वर यायचीस. आता मला 'अरे' म्हणणारं घरात कुणी नाही. ते असो.

त्याच आठवड्यात तू विभागातल्या टाकाऊ रसायनांचं काम मागून घेतलंस. दिलं म्हणून घेतलं नाहीस, मागून घेतलंस. त्या कामानं कुणाला बढती मिळत नव्हती, शोधनिबंध होत नव्हता, परदेशी परिषदेचं बोलावणं येत नव्हतं. जिन्याखालची एक खोली, हवा बाहेर फेकणारा एक पंखा आणि लोखंडी मांडण्या. क्लोरोफॉर्मच्या जातीचे सॉल्व्हंट एकीकडे, अ‍ॅसिटोन-अल्कोहोलच्या जातीचे दुसरीकडे, आम्लं तिसरीकडे, पाऱ्या-शिशाचं काही असेल तर ते कोपऱ्यात वेगळं. प्रत्येक बाटलीवर लेबल आणि लेबलवर तीन ओळी: काय आहे, कधीचं आहे, कुणाचं आहे. बाटली खांद्यापर्यंत भरायची, गळ्यापर्यंत नाही. आत गॅस होण्याचा संभव असेल तिला हवा सुटणारं झाकण. आणि काहीही झालं तरी बेसिनमध्ये काही ओतायचं नाही.

मी तेव्हा म्हटलं होतं, "विभागात एवढी माणसं आहेत. तूच का?" तू म्हणालीस, "एवढी माणसं आहेत म्हणूनच." हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. आपले जे वाद अर्धे राहिले त्यातला हा पहिला.

ही शिस्त तू विद्यापीठातच ठेवली असतीस तर आपला संसार जरा कमी भांडणांचा झाला असता. पण जयनगरच्या आपल्या स्वयंपाकघरातही प्रत्येक बरणीवर तीच तीन ओळींची चिठ्ठी. मेतकूट, तारीख, नाव. मी विचारायचो, घरात तीन माणसं, मेतकूट कुणाचं हा प्रश्न पडणार कुणाला?

"बुरशी आली की पडतो," तू म्हणायचीस.

आणि ते पाऊण भरणं! फ्रिजमध्ये पाण्याच्या आठ बाटल्या, सगळ्या खांद्यापर्यंत. म्हणजे दोन बाटल्यांची जागा रोज नुसती हवा थंड करत होती. हे मी तुला एकदा कागदावर मांडून दाखवलं. तू कागद वाचलास, मागच्या बाजूला वाण्याची यादी लिहिलीस आणि म्हणालीस, "पाण्याला काही होत नाही हे मलाही कळतं. पण हाताला सवय एकच असू दे. आपण घरी आहोत की लॅबमध्ये, हे हात विचारत बसत नाही." मी तुझ्या पाठीमागे बाटल्या काठोकाठ भरून ठेवायचो. तू त्या मुकाट्यानं तुळशीत रित्या करून परत खांद्यापर्यंत आणायचीस. आपल्या तुळशीला कधी पाणी कमी पडलं नाही.

मी इथलाच, या कन्नड मुलखातला. माझ्या घराण्याला या गावात किती पिढ्या झाल्या ते आजोबांनाही नीट सांगता येत नव्हतं. तू साताऱ्याहून आलीस. माझ्या तोंडी 'थोडं'ऐवजी 'स्वल्प' आणि 'बरं'ऐवजी 'सरी' आलं की तू हसायचीस, म्हणायचीस, तुमचं मराठी सांबारात बुडवलेलं आहे. तरी कन्नड लिहायला शिकव म्हणून तूच माझ्यामागे लागलीस. मला वाटलं, नवीन सून आपलं नाव लिहायला शिकणार. तुला पहिला शब्द हवा होता 'गाजु'. काच. फुटलेल्या काचा जाड कागदात गुंडाळून त्यावर कन्नडमध्ये लिहायचं, कचरा उचलायला येणाऱ्या अक्काचा हात कापू नये म्हणून. जेवणाच्या टेबलावर मी तुझा हात धरून तो शब्द गिरवला. आपल्या लग्नात मी तुझ्या नावाचा उखाणा नीट घेतला नव्हता, पण हा हात धरलेला मला चांगला आठवतो. माझ्याकडून तू शिकलीस अशी एवढी एकच गोष्ट. बाकी सगळी शिकवणी उलट दिशेनं झाली, आणि ते मी तुला कधी तोंडानं सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट आठवते. मुग्धाला घेऊन आपण बेळ्ळंदूरला तुझ्या मैत्रिणीकडे गेलो होतो. त्या दिवसांत तिथल्या तळ्यावर सांडपाण्याचा फेस यायचा, वाऱ्यानं उडून रस्त्यावर यायचा. मुग्धा म्हणाली, "बर्फ!" तू तिला उचलून मागे घेतलंस आणि विचारलंस, "बेसिनच्या खाली काय असतं सांग?" ती म्हणाली, "नळी." "आणि नळीच्या खाली?" तिला सांगता येईना. मलाही आलं नसतं. तू म्हणालीस, "कुणाचं तरी गाव." पोरीचा वाढदिवस होता आणि तू तिला हे ऐकवत होतीस. मी चिडलो होतो. आज मुग्धा हैदराबादला स्वतःच्या घरात कचऱ्याचे तीन वेगवेगळे डबे ठेवते आणि नवऱ्याशी त्यावरून भांडते. तुझं काहीतरी उरलं.

तू एक विनोद सांगायचीस. तुमच्याकडे जुनं कपाट उघडलं आणि आत बिनलेबलाची बाटली सापडली, की विभागातला प्रत्येक जण एकच सांगतो: "ती त्या गेलेल्या सरांच्या वेळची असणार." तू म्हणायचीस, "बेवारस बाटली कधीच जिवंत माणसाची नसते. त्या बिचाऱ्या सरांच्या नावावर आतापर्यंत इतकी रसायनं जमा झाली आहेत की जिवंतपणी त्यांनी तेवढं काम केलं असतं तर मोठा सन्मान मिळाला असता." आपण दोघंही पोट धरून हसायचो.

मी आता त्या विनोदाला हसत नाही.

तुझ्या आजारपणाचं एकदाच लिहितो. रक्ताचा रोग म्हटल्यावर येणारा प्रत्येक पाहुणा हळू आवाजात म्हणत होता, "केमिकल्स हो. एवढी वर्षं त्यातच." माझ्याही मनात तेच होतं. मी विद्यापीठाला जाब विचारायचं ठरवलं. तू हॉस्पिटलच्या खाटेवर उशीला टेकून बसलीस आणि मला झापलंस. "एका पेशंटवरून निष्कर्ष काढतोस? आणि म्हणे हिशेब खात्यात आहेस! माझ्या आत्याला हाच रोग होता. ती आयुष्यात तुरटीपलीकडे कुठल्या केमिकलला शिवली नव्हती." मी म्हटलं, "म्हणजे मी कुणावर रागवायचंच नाही?" तू म्हणालीस, "रागाव की. पण पुराव्यानं रागाव." हा आपला दुसरा अर्धा वाद. मी तुझं ऐकलं. जे सिद्ध होत नाही ते मी कुणाला विचारलं नाही आणि इथंही लिहीत नाही. पण ऐकलं म्हणजे पटलं असं समजू नकोस.

मग पुरावा आपणहून समोर आला. भलत्याच गोष्टीचा.

विभागप्रमुखांचा फोन आला. "सर, मॅडमचं कपाट मोकळं करायचं होतं. स्वल्प लवकर आलात तर बरं, ते कपाट आम्हाला लागणार आहे." मी गेलो. कपाट जिन्याखालच्या तुझ्या खोलीत होतं. तुझी शिल्पा बरोबर होती. तुझी पहिली विद्यार्थिनी, आता तिथंच शिकवते. हॉस्पिटलात ती किती वेळा डबा घेऊन आली ते तुला शेवटी शेवटी कळत नव्हतं. तुझा पांढरा कोट, चष्मे, चहाचा कप, 'चहाचा कप' असं लेबल लावलेला, हे सगळं मी पिशवीत भरलं. आणि मग मांडणीच्या खालच्या फळीवर नजर गेली.

सतरा बाटल्या. सगळ्यांवर कोरी करकरीत लेबलं, निळ्या शाईत, एकाच अक्षरात. काय आहे: मिश्र सॉल्व्हंट, क्लोरोफॉर्मच्या जातीचे नाहीत. कधीचं आहे: जुनं. कुणाचं आहे: डॉ. वृंदा.

अक्षर तुझं नव्हतंच. पण अक्षराचं सोड, लेबल दुसऱ्यानंही लिहिलेलं असू शकतं. मी बाटल्यांकडे पाहिलं. एकूण एक गळ्यापर्यंत भरलेल्या. झाकणं घट्ट.

विभागप्रमुख तिथंच उभे होते. मी त्यांना विचारलं, "या कुणाच्या?"

"मॅडमच्या, सर. लिहिलंय ना."

"कुणी लिहिलंय?"

"ऑफिसातून लिहून घेतलं. गुरुवारी कंपनीची गाडी येते, टाकाऊ रसायनं न्यायला. नावाशिवाय ते बाटली घेत नाहीत."

"मग ज्याची त्याच्या नावानं द्या."

"ज्याची त्याची कुणाला माहीत, सर?"

"मग हिच्या आहेत हे कसं माहीत?"

ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, सगळ्या लॅबमधून निघाल्या. कुणीच आपल्या म्हणत नाही. प्रत्येकाला पुढं नोकरी आहे, चौकशी नको असते. मॅडमना आता कोण नोटीस पाठवणार? कुणाचंच नुकसान नाही."

कुणाचंच नुकसान नाही. वृंदा, हे वाक्य त्यांनी तुझ्या खोलीत, तुझा कोट माझ्या पिशवीत असताना उच्चारलं. ते वाईट गृहस्थ नाहीत. शोकसभेत त्यांचे डोळे खरोखर ओले होते. त्याचाच मला जास्त राग येतो.

मी म्हटलं, "या तिनं भरलेल्या नाहीत."

"कशावरून म्हणता?"

"काठोकाठ आहेत. ती खांद्याच्या वर थेंब जाऊ द्यायची नाही. पाण्याच्या बाटलीतसुद्धा. लग्न झाल्यापासून मी तिच्याशी याच गोष्टीवरून भांडत आलोय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं दुःखानं डोकं फिरलेल्या माणसाकडे पाहतात. दारात उभी असलेली शिल्पा पुढं आली आणि खाली वाकून पाहू लागली. हात लावला नाही, नुसतं पाहिलं. म्हणाली, "सर, अंकल बरोबर बोलताहेत. या दोन बाटल्यांत तळाला वेगळा जड थर दिसतोय. तो क्लोरोफॉर्मचा असू शकतो. लेबल खोटं आहे."

"शिल्पा, तुम्ही दोन मिनिटं बाहेर थांबा."

ती बाहेर गेली नाही. उलट खोलीत आली आणि पंखा लावला.

मला रसायनशास्त्र येत नाही, पण तू रात्री जेवताना जे बोलायचीस त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. 'बाटली इथून गेली म्हणजे संपली नाही. पुढं कुणीतरी ती उघडतो, दुसऱ्या बाटलीत मिसळतो. त्याच्याजवळ आपल्या लेबलाशिवाय काहीही नसतं.' मी ते तसंच्या तसं विभागप्रमुखांना सांगितलं. म्हटलं, "तिच्या नावाची काळजी मी करतो, माझी ती खासगी गोष्ट आहे. पण उद्या तिकडे कुणी पोरगा तिच्या नावावर विश्वास ठेवून हे पिंपात ओतेल, तर ते तुम्ही तिच्या हातून करवताय. ही लेबलं काढा. नाहीतर गुरुवारी मी इथं येऊन गाडीवाल्याला सांगेन की लेबलं खोटी आहेत."

मग त्यांनी ऑफिसातून लेबलं मागवली आणि पहिल्या ओळीत आपल्या हातानं लिहिलं: 'अज्ञात'. लिहिता लिहिता म्हणाले, "अज्ञात असलं की कंपनी नेत नाही, सर. आधी एकेक तपासायला लागते. ते या वर्षी होईलसं दिसत नाही. म्हणजे बाटल्या इथंच राहणार. तुम्हाला हेच हवं होतं का?"

हे मात्र मला हवं नव्हतं.

गुरुवारी गाडी आली आणि बाकीचं घेऊन गेली. सतरा बाटल्या जिन्याखाली राहिल्या. मी नंतर शिल्पाला फोन केला. तिनं सांगितलं की तिनं त्या दूर दूर मांडल्या आहेत, मुलांची ये-जा दुसऱ्या जिन्यानं ठेवली आहे आणि सुट्टीत तपासायला घेणार आहे. मग सहज म्हणाली, "आणि तिसरी ओळ रिकामी होती ना, तिथं मी माझं नाव घातलं."

मी ओरडलोच. "तू का? तुला लहान मूल आहे, तुझी नोकरी अजून पक्की नाही."

"कुणाचं तरी हवं ना, अंकल. मॅडमचं नको. मग माझं."

"विभागात एवढी माणसं आहेत!"

ती हसली. "मॅडम काय म्हणायच्या, तुम्हाला माहितीये."

माहीत आहे. तेच उत्तर, आणि ते मला अजूनही पटलेलं नाही. मी तुझं नाव सोडवलं आणि त्या जागी या पोरीचं गुंतलं. तू असतीस तर मला काय म्हणाली असतीस हे मी रोज ठरवायचा प्रयत्न करतो. एक दिवस वाटतं, शाबास म्हणाली असतीस. दुसऱ्या दिवशी वाटतं, विचारलं असतंस, 'अरे, तिच्या नावाऐवजी विभागप्रमुखांचं का लिहून घेतलं नाहीस?' हे मला त्या खोलीत सुचलं नाही. शिल्पा एकेक बाटली तपासेपर्यंत मी दर आठवड्याला विभागप्रमुखांना फोन करणार आहे. ते कंटाळतील. मी हिशेब खात्यातला आहे, मी कंटाळत नाही.

तुला एक कबूल करायचं राहिलं असं लोक अशा पत्रात लिहितात. माझं तसं काही राहिलेलं नाही. मी तुझ्याशी भरपूर भांडलो आणि तू भरपूर जिंकलीस. राहिलं आहे ते एवढंच, की आता जिंकणारं माणूस समोर नाही, आणि एकट्यानं भांडताना दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात. तुझी बाजू मी तुझ्याइतकी चांगली मांडू शकत नाही.

परवा मुग्धा आली. पोरीनं आल्या आल्या पदर खोचल्यासारखं करून फ्रिज उघडला. तुझ्या बरण्या संपत आल्या आहेत. मधल्या काळात मी काय काय करून ठेवलं, त्यावर लेबलं नाहीत. मागच्या कोपऱ्यातून तिनं एक बरणी काढली. वर हिरवी-पांढरी साय धरली होती.

"बाबा, हे काय आहे?"

मला आठवेना. चटणी असावी, किंवा आमसुलाचं काहीतरी.

"कधीचं आहे?"

तेही सांगता येईना.

"कुणाचं आहे? आईच्या वेळचं का?"

वृंदा, 'हो' म्हणणं इतकं सोपं होतं. जिभेच्या टोकावर होतं. कुणाचंच नुकसान नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "माझं आहे."

तिनं बरणी उजेडात धरली, तुझ्यासारखी, हात लांब ठेवून. "हो, तुमचंच," ती म्हणाली. "गळ्यापर्यंत भरलंय."